शेतीपंपाचा मोबाईल स्टार्टर : पेटी एकदाच विकायची, सर्व्हर मात्र कायम चालवायचा. हिशेब कसा बसवता?

पाणंद (धागाकर्ता) · सोमवार, रात्री ९.४०

राम राम मंडळी.

मी आणि माझा एक वर्गमित्र मिळून शेतीपंपासाठी मोबाईलवरून चालणारा स्टार्टर करतोय. कल्पना नवी नाही हे आधीच मान्य. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचा ‘नॅनो गणेश’ साध्या बटनाच्या फोनवरून मोटर चालू-बंद करायचा, २००९ साली नोकियाच्या स्पर्धेत त्याला बक्षीसही मिळालं होतं. आता तर तालुक्याच्या गावी मोटर रिवायंडिंगच्या दुकानात मिस्ड कॉलवर चालणारी पेटी मिळते.

आमच्या पेटीत तिन्ही फेजचं व्होल्टेज आणि करंट मोजला जातो. आकडे सर्व्हरवर जातात, ॲपमध्ये दिसतात. त्यावरून फूट व्हॉल्व (पाईपच्या तळाची झडप) गळतोय, विहीर तळाला गेलीय, बेअरिंग धरायला लागलंय हे थोडं आधी कळतं. म्हणजे पेटी, तिच्यातला प्रोग्रॅम, ॲप आणि मागे चालू राहणारी सेवा असा चौपदरी मामला आहे. मिरज-तासगाव भागात पहिली खेप बसवली, चालतेय. ॲपमध्ये काही बिनसलं तर रात्रीत नवं टाकतो. पेटीतल्या सर्किट बोर्डाचं तसं नाही, एकदा छापला की छापला.

मोठी खेप काढायची तर तीन ठिकाणी घोडं अडलंय. सिम कुणाचं, शेतकऱ्याचं की आमचं? पैसे एकरकमी घ्यायचे की दरवर्षी? आणि पुढची सहा-सात वर्षं पुरावं म्हणून बोर्डावर आत्ताच काय काय ठेवून द्यावं?

ज्यांनी असं काही केलंय त्यांनी जरूर लिहा. ‘चीनमधून आणा आणि स्टिकर लावा’ हा सल्ला आधीच भरपूर मिळालाय.

रिलेवाला · सोमवार, रात्री १०.१५

पॅनेल बनवणं हा माझा धंदा, म्हणून आधी एक विचारतो. लाईट आल्यावर मोटर आपोआप उठते का? किती वेळाने?

पाणंद · सोमवार, रात्री १०.२२

हो, ॲपमध्ये ‘ऑटो’ आहे. लाईट आल्यावर ३० सेकंदांनी.

रिलेवाला · सोमवार, रात्री १०.४८

सगळ्यांना ३०? मग एका डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) तुमच्या वीस पेट्या बसल्या की तिसाव्या सेकंदाला वीस मोटरी एकदम उठणार. थेट लाईनवर उठताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. नशीब बरं असेल तर डीओ (डीपीवरचा फ्यूज) उडेल, नसेल तर डीपी जाईल. महावितरण ‘ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा’ म्हणून कानीकपाळी ओरडतं ते उगीच नाही. आणि डीपी बदलून येईपर्यंत अख्ख्या मळ्याच्या शिव्या तुमच्या पेटीला, कारण दिवा तिच्यावर लुकलुकतो.

प्रत्येक पेटीची वेळ वेगळी ठेवा. पेटीच्या नंबरावरून काढा, ६० ते ३०० सेकंदांच्या मधली काहीही. तुमच्याकडे तर सर्व्हर आहे. एका डीपीवरच्या पेट्या ओळखून त्यांचा क्रम लावून देता येईल. मिस्ड कॉलच्या पेटीला हे सात जन्मात जमणार नाही. वर्गणी मागायची तर असल्या कामाची मागा, ॲपमधल्या रंगीत आलेखांची नको.

डीपीजवळ · सोमवार, रात्री ११.०५

क्रम लावणार असाल तर माझी मोटर शेजाऱ्याच्या आधी उठली पाहिजे. त्याचे जास्तीचे पैसे सांगा :)

रिलेवाला · सोमवार, रात्री ११.०९

बघा, गिऱ्हाईक आलंच! पाणंद, क्रम रोज फिरता ठेवा, नाहीतर बांधावरच्या भांडणात साक्षीला तुम्हालाच बोलावतील.

अवंती_के · मंगळवार, सकाळी ८.३०

हिंजवडीत फर्मवेअरचं, म्हणजे उपकरणाच्या पोटातल्या प्रोग्रॅमचं, काम करते. ३० सेकंदांचे १८० करणं हे पेटी न उघडता व्हायला हवं. दुरून अपडेट जातो का? आणि अपडेट उतरत असताना लाईट गेली तर?

पाणंद · मंगळवार, सकाळी ९.१०

अपडेट जातो. लाईट गेली तर आत लिथियमचा एक सेल आहे.

अवंती_के · मंगळवार, दुपारी १.२०

त्या सेलवर भिस्त ठेवू नका. पत्र्याच्या पेटीत एप्रिल-मे काढायचे म्हणजे सेलची लवकरच वाट लागते. सेल मेला तरी पेटी मरता कामा नये.

फ्लॅशमध्ये (पेटीच्या कायमच्या मेमरीत) प्रोग्रॅमसाठी दोन कप्पे ठेवा. चालू प्रोग्रॅम एकात, नवा उतरवायचा दुसऱ्यात. पूर्ण उतरला, त्यावरची डिजिटल सही जुळली, की मगच त्यावर उडी. नव्याने ठरलेल्या वेळात सर्व्हरला हाक दिली नाही तर पेटीने आपणहून जुन्यावर परत यायचं. ईएसपी३२ चिप वापरत असाल तर ही सोय तयार आहे, फक्त ४ एमबीऐवजी ८ किंवा १६ एमबी फ्लॅश घ्या. आज पेटीमागे काही रुपये वाचवाल आणि दोन वर्षांनी नवा प्रोग्रॅम कप्प्यात मावत नाही म्हणून गावोगाव लॅपटॉप घेऊन फिराल. अपडेट कधीही सगळ्यांना एकदम सोडायचा नाही. आधी तुमच्या टेबलावरच्या पेट्या, मग ओळखीचे शेतकरी, मग थोडं थांबून बाकीचे. आणि मोटर चालू असताना तर मुळीच नाही.

आता सर्टिफिकेट. पेटी सर्व्हरशी टीएलएसवर (सुरक्षित जोडणीवर) बोलत असेल तर सर्व्हर खरा आहे हे ओळखायला तिच्या पोटात एक मूळ सर्टिफिकेट असतं आणि त्याला मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ ला ‘डीएसटी रूट सीए एक्स३’ या मूळ सर्टिफिकेटची मुदत संपली, तेव्हा लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेच्या सर्टिफिकेटवर चालणाऱ्या सर्व्हरांना बरीच जुनी उपकरणं ओळखेनाशी झाली. उपकरणं धडधाकट होती, फक्त बोलणं बंद. सर्टिफिकेट दुरून बदलायची वाट आजच करून ठेवा.

आणि पेटीत सर्व्हरचा पत्ता घालायचा तो तुमच्या स्वतःच्या डोमेनचा. गूगलने आयओटी कोअर (उपकरणं सर्व्हरला जोडायची सेवा) बंद करणार असं ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर केलं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये केलंही. मोठ्या कंपनीच्या सेवेवर सगळं बांधलं की तिच्या मर्जीने चालावं लागतं. साधा एमक्यूटीटी ब्रोकर (उपकरणांचे निरोप पोचवणारा प्रोग्रॅम) भाड्याच्या सर्व्हरवर ठेवा, काही हजार पेट्यांना तो सहज पुरतो.

काठावरचा · मंगळवार, दुपारी २.०५

एवढा कारखाना एका हिरव्या बटनासाठी? माझे मामा अजून सायकलवर जाऊन बटन दाबून येतात, मोटरही चालते आणि मामाही. (हलके घ्या.)

डीपीजवळ · मंगळवार, संध्याकाळी ७.१५

मामांना लाईटच्या रात्रपाळीच्या आठवड्यात आमच्याकडे निफाडला पाठवा. ऊस आहे, बिबट्याही आहे. एकदा जाऊन आले की पेटीची किंमत विचारणार नाहीत.

मी दुसऱ्या एका कंपनीची पेटी वापरतो. नाव घेत नाही. वापरणारा म्हणून चार गोष्टी सांगतो.

पेटी बिघडली तरी स्टार्टरचं हिरवं-लाल बटन चाललंच पाहिजे. माझ्या पेटीत तशी सोय नव्हती. ऐन छाटणीनंतर पाणी द्यायचं आणि पेटी गप्प. वायरमनने दोन वायरी काढल्या, डायरेक्ट केलं, पेटी खुंटीला. कंपनीच्या ॲपमध्ये मी अजून ‘ऑफलाईन’ दिसत असेन. बाहेरून फिरवायचा बायपास स्विच द्या, म्हणजे वायरमन तुमच्या वायरी तोडणार नाही आणि नंतर मी परत पेटीवर येईन.

दुसरं म्हणजे, एक फेज गेला की पेटी मोटर बंद करते, ते बरोबरच. पण आमच्याकडे निम्मे लोक अडीनडीला कपॅसिटर टाकून दोन फेजवर मोटर ओढतात. चूक आहे, माहीत आहे. पण बाग सुकत असताना पेटी ‘नाही’ म्हणाली की पेटी निघते. इशारा द्या, माझ्या जबाबदारीवर चालवू द्या, आणि तसं चालवल्याची नोंद ठेवा. उद्या मोटर जळाली तर भांडायला नको.

आई ॲप वापरत नाही. ती मिस्ड कॉल देते. तो बंद केलात तर घरात तुमची पेटी कुणाला नको.

आणि वायरीची भोकं उघडी सोडू नका, वायरीभोवती घट्ट बसणारे ग्लँड लावा. कॉन्टॅक्टरमध्ये (मोटरला लाईन जोडणाऱ्या स्विचमध्ये) पाल शिजलेली मी पाहिली आहे. मुंग्या तर ऊबेला येतातच.

वर्गणी द्यायला ना नाही. पण जूनमध्ये मागू नका, तेव्हा खिसा रिकामा असतो. द्राक्षवाल्याला मार्च-एप्रिलमध्ये मागा, ऊसवाल्याला बिल जमा झाल्यावर.

अवंती_के · मंगळवार, रात्री ८.००

नोंद ठेवून मालकाच्या जबाबदारीवर चालवू द्यायचं हे आवडलं. आम्ही इंजिनियर लोक ‘संरक्षण’ म्हणून सगळं कुलूपबंद करतो आणि मग वापरणारा आमचं कुलूपच काढून ठेवतो.

पाणंद · मंगळवार, रात्री ९.३०

डीपीजवळ दादा, मनापासून धन्यवाद. बायपास स्विच आमच्या यादीत नव्हता, आता पहिला आहे.

मिस्ड कॉलचं मात्र त्रांगडं आहे. शेतकऱ्याचं साधं सिम घातलं तर मिस्ड कॉल चालतो, पण रिचार्ज संपला की पेटी आंधळी, आणि आमच्या नावाने बोंब. आम्ही कंपन्यांसाठीचं एमटूएम (यंत्राने यंत्राशी बोलायचं) सिम घालायचं तर त्याला १३ आकडी नंबर आणि कॉलवर बंधनं. आई कॉल करणार कुणाला?

अवंती_के · मंगळवार, रात्री ९.५५

पेटीला कॉल करायचाच कशाला? एक साधा दहा आकडी नंबर तुमच्या सर्व्हरला जोडा. आईंचा मिस्ड कॉल तिथे येईल. नंबर ओळखून सर्व्हर त्यांच्या पेटीला निरोप देईल आणि मोटर उठली की आईंना उलट कॉल जाईल, मराठीत बोलणारा. पेटीत सिम तुमचंच राहील. सर्व्हर झोपला तर म्हणून विहिरीजवळ उभं राहून ब्लूटूथवर चालवायची सोय ठेवा. हिरवं बटन आहेच.

रिलेवाला · मंगळवार, रात्री १०.१०

मोडेम (सिमवरून बोलणारा भाग) टूजीचा घालू नका, स्वस्त मिळतो म्हणून. जिओकडे टूजी पहिल्या दिवसापासून नाही, ज्यांच्याकडे आहे ते किती वर्षं ठेवतील देव जाणे. फोरजीचा कॅट-१ (कमी वेगाचा, पण अशा कामाला पुरेसा) मोडेम घ्या. आणि तो मुख्य बोर्डावर डकवू नका, छोट्या वेगळ्या बोर्डावर घेऊन कनेक्टरने जोडा. २०२१ मध्ये साधे एसटीएम३२ चिप मिळेनात, मिळाले तर कित्येक पटीने. त्या वेळी ज्यांचा बोर्ड एकाच चिपवर बेतलेला होता ते हात चोळत बसले. मोडेमचं तसंच होऊ शकतं, तेव्हा दुसऱ्या कंपनीचा छोटा बोर्ड लावून मोकळे व्हाल.

जमाखर्च · बुधवार, सकाळी ७.४५

तांत्रिक काही कळत नाही, आकडे कळतात. पाणंद यांनी किंमत सांगितली नाही, म्हणून मी समजून चालते.

समजा पेटी शेतकऱ्याला ६,५०० रुपयांना पडते. १८ टक्के जीएसटी आत धरला तर मूळ किंमत साधारण ५,५००. दुकानदाराचे १,१०० गेले, राहिले ४,४००. सुटे भाग २,६००. जोडणी, चाचणी, वाहतूक मिळून ५००. हातात १,३००.

आता सिमचे महिना ३५ धरा, वर्षाला ४२०. सर्व्हर, उलट कॉल, एसएमएस मिळून पेटीमागे वर्षाला ६०. झाले ४८०. दोन वर्षांत ९६०, तिसऱ्या वर्षाअखेर १,४४०. म्हणजे ‘आजन्म मोफत’ म्हणून विकलेली पेटी तिसऱ्या वर्षात तुमच्या खिशातून चालायला लागते. यात बदलून दिलेल्या पेट्या नाहीत, फोन उचलणाऱ्या मुलाचा पगार नाही, तुमचा स्वतःचा तर नाहीच नाही. जोवर विक्री वाढतेय तोवर नव्या पेट्यांचे पैसे जुन्या पेट्यांचं सिम भरतात आणि सगळं छान दिसतं. एक वर्ष पाऊस लांबला, विक्री बसली, की मग कळतं.

म्हणून पहिल्या तीन वर्षांची सेवा किमतीत धरा, पण ते पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. आगाऊ घेतलेली वर्गणी ही कमाई नसते, देणं असतं. दरवर्षी एक तृतीयांश काढायचे, तेवढीच तुमची कमाई. चौथ्या वर्षापासून वर्गणी, डीपीजवळ म्हणतात त्या महिन्यात.

काठावरचा · बुधवार, सकाळी १०.२०

आता गंभीरपणे. उद्या ही दोघं पोरं कंटाळून नोकरीला लागली तर? ६,५०० घालून घेतलेल्या पेटीचं शेतकऱ्याने काय करायचं?

बे_एरियातला_बंड्या · बुधवार, रात्री १०.४० (इथे सकाळ)

काठावरच्यांनी नेमकं बोट ठेवलंय. इकडे अमेरिकेत या प्रकाराची दोन उदाहरणं सगळ्यांना पाठ आहेत.

एक रिव्हॉल्व. घरातले दिवे-कुलुपं चालवणारा तीनशे डॉलरचा डबा. गूगलच्या मालकीच्या नेस्टने २०१४ मध्ये कंपनी घेतली, मे २०१६ मध्ये सर्व्हर बंद केला. डब्यात सगळे रेडिओ शाबूत, पण सर्व्हरशिवाय त्याला काहीच करता येत नव्हतं. ‘आजीवन सेवा’ म्हणून विकलेला डबा दोन वर्षांत कागद दाबायच्या कामाचा. लोक खवळले ते रास्तच होतं.

दुसरं पेबल, फोनला जोडायचं घड्याळ. २०१२ मध्ये किकस्टार्टरवर (लोकांकडून आगाऊ पैसे जमवायच्या साइटवर) एक कोटी डॉलरच्या वर जमा झाले. सप्टेंबरमध्ये देतो म्हणाले, निघाली जानेवारी २०१३ ला, कारण हजारभर घड्याळं करायची तयारी आणि मागणी आली कित्येक दहा हजारांची. (पाणंद, आगाऊ पैसे घेणार असाल तर हे लक्षात असू द्या.) डिसेंबर २०१६ मध्ये कंपनी मोडली, फिटबिटने मालमत्ता घेतली, सर्व्हर ३० जून २०१८ पर्यंत चालवले. पण घड्याळाची बहुतेक कामं फोन आणि घड्याळ यांच्यातच होत होती, त्यामुळे ती मेली नाहीत. हवामान, ॲपचं दुकान वगैरे जे सर्व्हरवर होतं ते ‘रेबल’ नावाने वापरणाऱ्यांनीच उभं केलं, त्यातल्या काही सेवांसाठी वर्गणीही घेतात. फिटबिट पुढे गूगलकडे गेली, आणि जानेवारी २०२५ मध्ये गूगलने घड्याळाच्या प्रणालीचा कोडही खुला केला.

दोन्ही कंपन्या बुडाल्या किंवा विकल्या गेल्या, गिऱ्हाइकाचं झालेलं मात्र अगदी वेगळं. आणि ते ठरलं उत्पादन आखताना. तुमच्या बाबतीत चालू-बंद, ड्राय रन (पाणी संपलं की मोटर थांबवणं), ओव्हरलोड, टायमर, ब्लूटूथ हे सगळं पेटीतच राहू द्या, सर्व्हर नसला तरी चालणारं. डीपीचा क्रम, आईंचा मिस्ड कॉल, बेअरिंगचा अंदाज, महिन्याचा हिशेब हे सर्व्हरचं, आणि वर्गणी फक्त याचीच. वर्गणी थकली म्हणून मोटर बंद पाडणारी पेटी विकू नका, एवढी विनंती.

चाकणकर · गुरुवार, दुपारी १२.३०

उशिरा आलो. विजेवरच्या स्कूटर बनवणाऱ्या एथरचं उदाहरण कुणी दिलं नाही याचं नवल वाटलं. मद्रास आयआयटीतल्या दोघांनी २०१३ मध्ये कंपनी काढली, फेब्रुवारी २०१६ मध्ये गाडी दाखवली, विकायला आली २०१८ च्या मध्यावर. गाडीत सिम, पडदा, दुरून अपडेट, शिवाय चार्जिंगचं स्वतःचं जाळं. नवा कारखाना आपल्या संभाजीनगरजवळ बिडकीनला काढायचं २०२४ मध्ये जाहीर केलं. त्यातून घेण्याजोगी एक गोष्ट म्हणजे कागदपत्रं. २०२३ मध्ये केंद्राच्या फेम-२ अनुदानाच्या विजेवरच्या गाड्यांचा चार्जर वेगळे पैसे लावून विकला यावरून बऱ्याच कंपन्यांना गिऱ्हाइकांचे पैसे परत करावे लागले, त्यात एथरही होती. तुमची पेटी कधी अनुदानाच्या योजनेत बसवायची ठरलीच, तर किंमत आणि वर्गणी यांची फोड आधी नीट लिहून घ्या.

बाकी माझं क्षेत्र साचे. एवढ्यात पेटीचा साचा पाडू नका. बाजारात आयपी६५ची (धूळ-पाणी न शिरणारी) तयार पेटी मिळते, तिला भोकं पाडून घ्या. साच्याला काही लाख घालायचे आणि मग बायपास स्विच कुठे बसवू म्हणायचं, याला अर्थ नाही. स्विच, ग्लँड, अँटेना यांच्या जागा एक पावसाळा काढून पक्क्या होऊ द्या.

वायरलेससाठी डब्ल्यूपीसीची (दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेची) ईटीए म्हणजे उपकरणाची मंजुरी लागते. आधीच मंजुरी असलेले मोडेम-मॉड्यूल घेतलेत तर सोपं जातं. टीईसीचं (त्याच खात्याच्या अभियांत्रिकी केंद्राचं) काय लागतं ते चाचणी लॅबला आत्ताच विचारा, खेप तयार झाल्यावर नको. पैशांसाठी केंद्राची ‘निधी-प्रयास’ योजना बघा, नमुना बनवायला १० लाखांपर्यंत मिळतात. पुण्यात व्हेंचर सेंटर, मुंबईत आयआयटीचं साइन ही नव्या उद्योगांना हात देणारी केंद्रं, दोन्हीकडे चौकशी करा.

पाणंद · गुरुवार, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार. आम्ही दोघं आज संध्याकाळी बसलो. सिम आमचं. मोडेम वेगळ्या बोर्डावर, फ्लॅश १६ एमबी, बायपास स्विच, ग्लँड. ऑटोची वेळ पेटीच्या नंबरावरून, क्रम फिरता. तीन वर्षांची सेवा किमतीत, खातं वेगळं. जमाखर्च ताईंचा आकडा आमच्या खऱ्या आकड्याच्या इतका जवळ होता की मित्राला वाटलं मीच त्यांना कागद दाखवला. साचा रद्द.

कंपनी बंद पडली तर सर्व्हरचा कोड खुला करू असं पावतीवर छापायचं की नाही यावर आमचं अजून एकमत नाही. मित्र म्हणतो, लग्नाच्या पत्रिकेत घटस्फोटाच्या अटी कशाला.

एक राहिलं. शंभर बोर्ड जोडून आले की तपासायचे कसे? आत्ता मित्र एकेक मोटरला लावून बघतो.

चाकणकर · गुरुवार, रात्री ९.४०

जिग करा. खाली स्प्रिंगच्या पिना, वर दाबायची फळी, बोर्ड ठेवला की व्होल्टेज, करंट मोजणारे तिन्ही सीटी, रिले, सिमची हाक, सगळं आपोआप तपासून हिरवा-लाल दिवा. तिथेच पेटीचा नंबर आणि सर्टिफिकेट भरून घ्या, म्हणजे नंबर लिहायचा वेगळा घोळ नको. जोडणी करणाऱ्यालाच जिग देऊन ठेवा, लाल दिव्याचा बोर्ड त्याच्याकडून बाहेर पडायलाच नको.

रिलेवाला · गुरुवार, रात्री ९.५२

जिगमध्ये रिलेला खऱ्या कॉन्टॅक्टरची कॉईल लावा. नुसता बल्ब लावून पास झालेले रिले शेतात कॉईलच्या झटक्याने चिकटतात. मग मोटर बंद होत नाही आणि फोन येतो रात्री दोनला.

पाणंद · गुरुवार, रात्री १०.०५

चाकणकर साहेब, जिग बनवून देणारं कुणी भोसरी-चाकण भागात असेल तर व्यनि (खाजगी निरोप) कराल का?

चाकणकर · गुरुवार, रात्री १०.११

केलाय. आधी एकाच बोर्डाची जिग करून घ्या, बनवणारा लगेच चार बोर्डांची गळ्यात मारेल.